कुहीचा फाटा

फाल्गुन लागला की नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतल्या गच्च्या लाल होतात. वर्षभराच्या तिखटासाठी आणलेल्या मिरच्या जुन्या लुगड्यांवर पसरलेल्या असतात आणि दुपारी वारा फिरला की अख्खी गल्ली शिंकते. मीही घालते. पूर्वी घरात माणसं होती तेव्हा गच्चीचा एक कोपरा भरायचा, आता दोघांपुरत्या चार ओंजळी. त्या राखत सावलीला बसले की गुडघ्यांत एक शीण उतरतो. वयाचा शीण मला ओळखू येतो, तो सकाळी खाटेवरून उतरताना भेटतो. हा वेगळा आहे. हा फक्त याच दिवसांत येतो, आणि तो पन्नासेक वर्षांपूर्वीचा आहे.

त्या वर्षी पौषात माझ्या सासूबाई गेल्या. तेव्हा आम्ही तांडापेठेत राहत होतो. घर विणकरांचं. सासरे गेले तसा माग थांबला, आणि हे कोराडीला नव्या वीजघरात लागले. (आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नसत. आता घेतलं तर कोणी हटकणार नाही, पण जिभेला ते वळण नाही. म्हणून इथंही मी ‘हे’च म्हणणार.) पाय सोडून विणायला बसायचा मागाचा खड्डा बुजवला, वरून सारवलं. घरात उजेडाची तेवढीच एक जागा होती. सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा त्यांची खाट तिथंच टाकली. ज्या जागी बसून त्यांनी उभं आयुष्य लुगडी विणली, त्याच जागी त्या सहा वर्षं निजून राहिल्या.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. सहा वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. मोहल्ल्यातल्या बाया माझं कौतुक करायच्या, सून असावी तर अशी म्हणायच्या. कौतुक ऐकताना मला झोप येत असे.

त्या गेल्यावर सगळे म्हणाले, आता आराम कर. मीही तसंच धरून चालले होते की काम संपलं म्हणजे थकवा संपेल. तसं झालं नाही. उलट इतके दिवस दाराबाहेर उभा असलेला थकवा आता कोणी अडवणारं नाही म्हणून आत येऊन बसला. भाकरी थापता थापता मी थांबायची आणि तवा जळायचा. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती शाळेतलं काहीतरी सांगत असायची आणि तिच्या ओठांची हालचाल तेवढी मला दिसायची.

अशात एक दिवस हे कोराडीहून नवंच काहीतरी डोक्यात घेऊन आले. रस्त्यात यांची बस बंद पडली होती, तिथंच दोन परदेशी माणसं सायकलची ट्यूब काढून बसली होती. नवरा-बायको, आमच्याच वयाची. मागं तंबू बांधलेला, भांडी लटकवलेली. दिवसा सायकल चालवतात, जिथं थकतात तिथं तंबू ठोकतात, असं त्यांनी खुणांनी सांगितलं म्हणे. आठवडाभर घरात तेवढाच विषय. कॉलरवरची कोळशाची राख झटकत हे पुन्हा पुन्हा सांगायचे की कोणाकडं जायचं नाही, कोणी बोलावलेलं नाही, नुसतंच जायचं. शेवटी एकदा म्हणाले, आपणही जाऊ, आंभोऱ्याला, पाच नद्यांचा संगम पाहायला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत आम्ही दोघंच असे माझ्या माहेरापलीकडे कुठं गेलो नव्हतो.

मी हो म्हटलं. हौस होती म्हणून नव्हे. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं, आणि तेवढं बोलायची माझ्यात ताकद नव्हती.

मुलीला आईकडे पाचपावलीत ठेवलं. धाकटी बहीण कॉलेजात जायची, तिची लेडीज सायकल मागून आणली. नागपूरच्या पोरींना सायकल काही नवी नाही, लग्नाआधी मीही शाळेत सायकलनंच जायची. पण मधे अकरा वर्षं गेली होती. यांनी कोणाकडून तरी ताडपत्री आणली, दोन बांबू दांडीला बांधले, घमेल्यात तांदूळ, डाळ, कांदे भरून ते मागं कॅरिअरला आवळलं. उजाडता उजाडता निघालो. चार घरच्या बाया दारात उभ्या राहून पाहत होत्या. सासू जाऊन तीन महिने नाही झाले आणि ही निघाली फिरायला, हे त्या बोलल्या नाहीत, पण त्यांनी पदर ज्या तऱ्हेनं तोंडाशी धरले होते त्यावरून मला ते ऐकू आलं.

दिघोरी मागं पडेपर्यंत बरं होतं. मग मांड्या भरून आल्या. उमरेडचा रस्ता तेव्हा अरुंद होता, ट्रक आला की सायकल मातीत उतरवायची, गेला की पुन्हा वर चढवायची. हे पुढं होते. काही दिसलं की घंटी वाजवायचे आणि हात लांब करायचे. कुठं पळस पेटलेला, कुठं तारेवर नीळकंठ, कुठं कापलेल्या लाखोळीच्या डाळीचे ढीग. मी मान हलवायची. खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर मी यांच्या सायकलच्या मागच्या मडगार्डशिवाय फारसं काही पाहिलं नाही. त्यावर चिखलाचा एक जुना डाग होता, तो मात्र मला आजही काढून दाखवता येईल.

पाचगावच्या पुढे, भर दुपारी, एका आंब्याच्या झाडाखाली थांबलो. पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. सतरंजी टाकून हे लवंडले, मीही लवंडले. आंब्याला मोहोर होता, त्यावर माशा गुणगुणत होत्या. मला कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली तेव्हा माझा एक हात यांच्या पाठीखाली होता. हे कुशीवर होते, डोळे उघडे. मी झोपेतच उठून बसले होते. यांच्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक हात घालून मी यांना वळवलं होतं आणि आता पाठीखालची सतरंजी ओली आहे का, ते चाचपून पाहत होते. हे आडदांड माणूस. पण त्यांनी अंग सैल सोडलं होतं, जसं मी वळवलं तसे वळले होते.

“आई गेली, विमल,” हे म्हणाले.

मी हात काढून घेतला. म्हटलं, हो, माहीत आहे.  थोड्या वेळानं यांनी विचारलं, रात्री किती वेळा उठायचीस? मी म्हटलं, कोण मोजतं. आणि सतरंजी झटकून घडी घातली. सहा वर्षं हे त्याच घरात निजत होते. कोराडीहून दमून येत, पडल्या पडल्या घोरत. मला त्याचा राग नव्हता, तेव्हा रागवायलाही सवड लागते हे मला माहीत नव्हतं. पण त्या झाडाखाली त्यांनी मला तो प्रश्न विचारला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न सहा वर्षांत पहिल्यांदाच आला आहे.

पुढं फाट्यावरून डावीकडे वळून कुहीच्या वाटेला लागलो. तिथं वारा बदलला. आधी नाकाला कळलं, मग डोळ्यांना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतात मिरच्या वाळत घातलेल्या. कुठंवर ते दिसत नव्हतं, जमिनीचा रंगच तो आहे असं वाटावं. बाया ओळीनं बसून देठ खुडत होत्या, नाकातोंडावर पदर बांधलेले. त्यांतल्या एकीनं आम्हाला तिच्या मालकाच्या शेतात मुक्काम करू दिला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला झोपा एवढं बजावून.

“कुठं जाऊन राहिले?” तिनं विचारलं.

“आंभोऱ्याले.”

“नवस आहे का काही?”

“नाही. असंच.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, सायकलींकडं पाहिलं, ताडपत्रीशी झटणाऱ्या यांच्याकडं पाहिलं. “असंच?” ती म्हणाली आणि बाजूच्या बाईला जाऊन सांगितलं, ती पुढच्या बाईला. ओळीच्या टोकापर्यंत ते ‘असंच’ गेलेलं मला दिसलं. मलाही हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं असेल.

संध्याकाळी चूल पेटवली तेव्हा आमच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मिरचीचं पाणी ते. रडू मात्र येत नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही आलं नव्हतं. बायांनी मला रडवायचा खूप प्रयत्न केला होता, मोकळी होऊन जा म्हणाल्या होत्या. मी कोरडी बसले होते आणि माझं लक्ष घड्याळाकडं होतं, त्यांची कूस बदलायची वेळ झाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आंभोऱ्याला पोचलो. आता तिथं मोठा पूल झाला आहे, धरणाचं पाणी वरपर्यंत आलं आहे, माझी मुलगी मागच्या वर्षी जाऊन फोटो काढून आली. तेव्हा मांढळच्या पुढचा रस्ता म्हणजे नुसती बैलगाडीची चाकोरी होती. शेवटी तर सायकली हातात धरून चाललो. टेकडीवर महादेवाचं देऊळ, खाली वाळू, वाळूपलीकडे पाणी, पाण्यात माणसं पलीकडच्या काठाला नेणारा एक डोंगा. मला तिथंच पायरीवर बसायचं होतं.  पण हे एवढ्या हौसेनं आले होते, वरूनच खरं दिसतं म्हणाले. चढले.

वरून दिसलं ते सुंदर होतं. तेव्हा वाटलं नव्हतं, आता वाटतं. यांनी बोटानं दाखवायला सुरुवात केली, ही वैनगंगा, ती कन्हान, ती पलीकडून येते ती आम. बाकीच्या दोन यांना सापडेनात. देवळाच्या पुजाऱ्यानं त्या दाखवल्या, हे पुन्हा चुकले, पुजारी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. मी पाहत होते. वेगवेगळ्या वाटांनी पाणी येत होतं हे खरं, पण एकदा मिळाल्यावर कुठलं कोणाचं ते काही कळत नव्हतं. सगळं सारखंच संथ आणि दमलेलं.

पुजारी गेला.  मग हे खाली वाळूकडं पाहत म्हणाले, एक सांगायचं आहे. भागूआत्या पडली, कमरेचं हाड मोडलं.

भागूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन उमरेडला माहेरी परत आली आणि तिथंच राहिली. आधी बापाचं दुखणं काढलं, मग आईचं. मग एका भावाचं. माझे सासू-सासरे कामासाठी नागपूरला आले तेव्हा लहानग्या यांना तीन वर्षं तिनंच सांभाळलं. आता एका खोलीत एकटी होती, शेजारचे दोन घास आणून देत. उमरेडच्या एका नातेवाइकाचं पत्र पंधरा दिवसांपूर्वीच आलं होतं. हे ते खिशात घालून फिरत होते.

परतताना उमरेडवरून जाऊ, हे म्हणाले. तिला भेटू. आणि मग, पुढं काय करायचं ते तू म्हणशील तसं.

म्हणजे मागाच्या खड्ड्यावरची ती खाट पुन्हा. मी पाण्याकडं पाहत राहिले. मला आत्याचा चेहरा आठवत होता, विधवा म्हणून बाया कुजबुजल्या तरी लग्नात तिनंच मला हळद लावली होती. तिचे हात मागासाठी कांड्यांवर सूत भरून भरून खरबरीत झालेले, पण हळद मात्र तिनं फार हलक्या हातानं लावली होती. मी पायऱ्या उतरू लागले. यांनी पुन्हा विचारलं नाही.

तो प्रवास माझ्यासाठी होता की आत्यासाठी, हे मी यांना कित्येक वर्षांनी विचारलं. तोवर आम्ही नंदनवनात आलो होतो, मुलीचं लग्न झालं होतं. हे पेपर वाचत होते. पेपराची घडी घातली. मग म्हणाले, “दोन्ही.” मला ते उत्तर आवडलं. त्यांनी एकच काही सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

परतीचा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो आणि त्यात आठवण्यासारखं काहीच नाही. काठावरचा मुक्काम हलवून पहाटेच निघालो. वारा समोरून होता. मिरच्यांच्या शेतांतून आम्ही न थांबता गेलो. हे मागं राहिले होते, घंटी वाजत नव्हती. माझ्या डोक्यात वाक्यं तयार होत होती आणि पायडलच्या फेऱ्यांबरोबर मोडत होती. आणा म्हणावं, माणूस आहे, तिलाही कोण आहे. एक वर्ष असेल, दोन असतील. सहाही असतील. सून असावी तर अशी. रस्त्यात एक म्हातारा बंडी हाकत चालला होता, त्याचा बैल मधेच बसला. म्हातारा खाली उतरला, बैलाला मारलं नाही, शिवी दिली नाही, शेजारी उकिडवा बसून राहिला. आम्ही पुढं गेलो तरी तो तसाच बसलेला दिसत होता.

कुहीच्या फाट्यावर आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. उजवीकडे नागपूर, डावीकडे उमरेड. चहाची एक टपरी होती, ती बंद. हे माझ्या बाजूला येऊन थांबले, एक पाय जमिनीवर. मान डावीकडं वळली होती.

“मी नाही येत,” मी म्हटलं. “आणि तिलेही आणू नका. मले आता नाही होत.”

आवाज माझा नव्हता, कोणा तरी दुसऱ्या बाईचा वाटला. यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, हे चिडतील. मी तर यांनी चिडावं म्हणून वाट पाहत होते, म्हणजे मलाही चिडता आलं असतं. हे नुसते म्हणाले, “बरं.” मी सायकल उजवीकडं वळवली आणि नागपूरपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. संपूर्ण प्रवासात पहिल्यांदा मी पुढं होते.

पुढच्या रविवारी हे एकटे उमरेडला गेले. संध्याकाळी येऊन सांगितलं की रजा काढतो, तिथंच राहतो. बिनपगारी रजा होती. मी यांची पिशवी भरून दिली. जाताना दारात उभे राहून यांनी विचारलं, कूस बदलताना हात कुठं घालायचे? मी मुलीला खाटेवर निजवून दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आपली पाठ सरळ, आणि झटका द्यायचा नाही. मोडलेलं अंग वर घ्यायचं. यांनी दोनदा करून पाहिलं. मुलगी गुदगुल्या होऊन हसत होती.

त्या दिवसांत मी झोपले. दिवसा, रात्री, जेवणाआधी, जेवणानंतर. विहिरीत दगड पडावा तशी झोपायची. पहिला आठवडा असा गेला आणि मग झोपेला लाज येऊ लागली. मोहल्ल्यात कळलं होतं. पदर तोंडाशी आता कोणी धरत नव्हतं, मी दिसले की बाया सरळ गप्प व्हायच्या. माझी आई आली, मुलीच्या वेण्या घालता घालता म्हणाली, “असं नाही करू, वं. पुरुष माणूस म्हातारीचं गू-मूत काढून राहिला, अन् तू घरात?” मी म्हटलं, तुझं खरं आहे. खरंच होतं. तरी मी उमरेडची बस धरली नाही. दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. आजही मी त्याचं समर्थन करत नाही आणि पश्चात्तापही पुरता करत नाही. काही गोष्टी माणसाला दोन्हीकडून टोचतात, कुठल्याही कुशीवर निजलं तरी.

वैशाखात आत्या गेली. तेरवीला मी मुलीला घेऊन गेले, चार माणसांत जेवण वाढलं, चार माणसांतच परतले. यांच्याशी बोलणं झालं नाही. खोलीची सोय लावून हे दोन दिवसांनी घरी आले. गालफडं बसलेली, खांदा एका बाजूनं उतरलेला. आंघोळ केली, जेवले. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, शेवटी काही म्हणत होत्या का?

हे थोडा वेळ ताटातली शितं बोटानं गोळा करत राहिले. मग म्हणाले, तुझं विचारलं होतं तिनं. विमल काहून नाही आली म्हणून. मी सांगून टाकलं, ती नाही म्हणाली.

“मग?”

“म्हणे, बरं केलं तिनं. मलेही एकदा म्हणाचं होतं.”

बाहेर कोणाच्या तरी घरी मागाचा आवाज चालू होता. मी विचारलं, कोणाला म्हणायचं होतं त्यांना?

“मीही तेच विचारलं,” हे म्हणाले. “तिनं बोटावर नावं घेतली. तिचा बाप, तिची माय, मोठा भाऊ.” यांनी तांब्या बाजूला सरकवला. “चौथं माझं होतं.”

ताट तसंच ठेवून हे उठले, हात धुतला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी मुलीला शेजारी खेळायला पाठवलं, दार ओढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांना उठवलं नाही.